राजसीच्या खुर्चीची रुंदी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. लाकडाची नव्हे, निळ्या जीन्सच्या कापडाची. माझ्यावर आकडे नाहीत की रेघा नाहीत. तरीही मी लहान मुलांना रुंदी शिकवली.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात झाला. पँटी बेतून झाल्या की कडेचं कापड उरायचं, त्यातलीच मी एक. मी चिंध्यांच्या ढिगातच गेले असते, पण तिथे धागे कापणाऱ्या कौसाबाईंनी मला उचललं.

"शेठ, ही पट्टी नेऊ का? लेकीच्या बालवाडीत कामाला येईल."

"ले जाओ बाई, ले जाओ," मशीनवरून मान न वळवता शेठ म्हणाले.

अशी मी २००६च्या जूनमध्ये अंबरनाथला आले. कौसाबाईंची लेक मालिनीताई बुद्धविहाराशेजारच्या एका खोलीत बालवाडी चालवत. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांसमोर पोळपाट आणि लाटणं ठेवलं.

"सांगा, जास्त रुंद कोण?"

"लाटणं!" पाच वर्षांचा सम्यक ओरडला. "केवढं लांब आहे ते!"

"लांब आहे खरं. पण रुंदी आडवी बघायची. या कडेपासून त्या कडेपर्यंत."

ताईंनी मला लाटण्यावर आडवं धरलं. दोन बोटांतच लाटणं संपलं. मग पोळपाटावर धरलं, तर मी पुढे पुढे जातच राहिले. सम्यकने डोळे मोठे केले. त्या दिवसापासून मुलांनी मला काही सोडलं नाही. पाटी रुंद की वही? आईची चप्पल रुंद की बाबांची? एका कडेला माझं टोक धरायचं, दुसऱ्या कडेवर चिमटीत पकडायचं आणि ती चिमूट न सोडता दुसऱ्या वस्तूकडे पळायचं. चिमूट सुटली की सगळं पुन्हा पहिल्यापासून!

दिवाळीनंतर राजसी बालवाडीत आली. तिच्या पायांत बळ नव्हतं. तिची आई, द्रौपदीबाई, तिला कडेवर आणून सतरंजीवर बसवायची. एक दिवस मात्र राजसी चाकांच्या नव्या खुर्चीत बसून आली, आणि खुर्ची दारातच अडली.

"खुर्ची राहू दे बाहेर. चल, मी उचलते तुला," आई म्हणाली.

"नको! खुर्ची बाहेर, तर मी पण बाहेर."

"ताई, दार छोटं आहे," सम्यक म्हणाला.

"उंचीला छोटं की रुंदीला? बघ बरं."

सम्यकने मला खुर्चीच्या एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत ताणलं. ताईंनी तिथे मला गाठ मारली. मग दारात धरलं. चौकट आली, तरी गाठ चार बोटं पुढेच! खुर्ची रुंद होती, दार अरुंद होतं. माझा नाइलाज होता, मित्रांनो. जे होतं तेच मी सांगितलं.

राजसी व्हरांड्यातच बसली. आतली गाणी ती बाहेरून म्हणायची. मला तिच्या हाती दिलं, तेव्हा तिने पायरी मोजली, वीट मोजली, आईचा तळवा मोजला. चौथ्या दिवशी तिने दाराशेजारची भिंत मोजायला घेतली आणि मध्येच थांबली. तिने बोटांनी टकटक केलं.

"ताई, ही भिंत नाहीये. लाकूड आहे."

मालिनीताई बाहेर आल्या. त्यांनी हात फिरवून पाहिला. भिंतीच्याच रंगाखाली दाराची दुसरी फळी होती! आतून तिच्यावर अक्षरांचे तक्ते ठोकलेले होते.

"सहा वर्षं मी इथे शिकवतेय," ताई पुटपुटल्या, "आणि मला दिसलं नाही."

तक्ते उतरले. गंजलेल्या कडीत खोबरेल तेल सोडलं. द्रौपदीबाईंनी वरवंट्याने ठोकत ठोकत कडी सरकवली. फळी करकरत उघडली. सम्यकने मला पुन्हा दारात धरलं. या वेळी गाठीच्या पुढेही मोकळी जागा उरली. राजसीने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच चाकं ढकलत ती आत आली आणि थेट फळ्यापुढे थांबली.

पुढे बालवाडीत प्लास्टिकच्या रंगीत पट्ट्या आल्या. माझी आठवण कुणाला राहिली नाही. वर्षभर मी खिडकीला बांधलेली होते, वाऱ्याने ती आपटू नये म्हणून. वाईट वाटायचं. पण राजसी पहिलीसाठी बदलापूरच्या शाळेत निघाली, तेव्हा तिने मलाच मागून घेतलं.

प्रवेशाच्या दिवशी माय-लेकींनी शाळेची दारं मोजली. वर्गाचं दार पुरेसं रुंद होतं, पण मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार अरुंद निघालं.

"तुमच्या मोजण्यात काहीतरी चूक झाली असेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग बाई, एक टोक तुम्ही धरा ना," राजसी म्हणाली.

बाई पुढे आल्या. मग वाकल्या आणि त्यांनी माझं टोक चौकटीला लावलं. त्याच महिन्यात ते दार रुंद झालं.

आता माझे धागे सुटलेत, रंग विटलाय. तरी मी राजसीच्या दप्तरात आहे. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी पट्टी असेल, तर तिला जपा. मळली तर गार पाण्यातून काढा, पण गरम पाण्यात भिजवू नका. कापड आटलं की पट्टी खोटं माप सांगते, आणि मग कुणीतरी दाराबाहेर राहतं.