उलटा पीळ

सुताचं टोक चिमटीत धरून फिरवलं की त्याचे दोन पदर सुटे होत, उलट फिरवलं की पुन्हा एकमेकांना बिलगत... रहिमतपुरात लियाकतच्या सुताच्या दुकानाच्या पायरीवर बसून मनुबाई कितीतरी वेळ तेच करत होती, आणि लियाकत हातात लडी धरून वाट पाहत होता.

घरी असल्याच सुतानं तिची शोभा केली होती. लढाई संपली, नवरा, कृष्णात, ब्रह्मदेशातून घरी यायला निघाला असं कळलं, तेव्हा तिनं त्याच्यासाठी सुती बनियन विणायला घेतलं. लोकर त्याला टोचते. पण वीतभर वीण होते न होते तोच पीळ सैल पडला, सुई फासात शिरायची सोडून पदरांच्या मधे घुसायला लागली आणि सगळ्या विणीवर लव उठली. शेजारी धाकटी जाऊ विजयमाला त्याच लडीतलं सूत घेऊन बसली होती — तिचे टाके मात्र भरल्या कणसातल्या दाण्यांसारखे. सासूनं, रंगूबाईनं, दोन्ही विणी हातात घेऊन निरखल्या आणि मनात काही न ठेवता सांगून टाकलं, "मने, तुज्या हातात न्हाई ते. किस्नाचं बनियन विजीला करू दे."

विजीला! डावरी म्हणून सणाला जिला वाढायला पुढं येऊ देत नाहीत, तिला... आणि शिकवलं कुणी? मीच. साताऱ्याला शिपायांच्या बायकांच्या वर्गात मी शिकले, आणि हिचे हात उलटे पडतात म्हणून समोर बसून, आरशात दिसावं तसं हिला दाखवलं. आता माझ्या नवऱ्याच्या उघड्या अंगाला दिवसभर हिच्या बोटांचं काम लागून राहणार... तो म्हणेल, किती मऊ झालंय, आणि ही खाली मान घालून हसेल. त्या हसण्यात वाईट काही नसेल, तेच मनुबाईला सोसवेना. असतं तर चार शब्द सुनावून ती मोकळी झाली असती.

तशातच जावेच्या हाताकडे बघता बघता तिला ते दिसलं होतं: उजव्या हातानं सूत सुईभोवती घेतलं की दर टाक्याला पीळ जरा उलगडतो, डाव्या हातानं घेतलं की आवळतो. दोष हाताचा नव्हताच. सूतसुद्धा त्या डावरीला सामील होतं. मिठाचं निमित्त करून मनुबाई थेट बाजार गाठून आली होती.

लियाकतनं शेवटी वरच्या फळीवरून एक लडी काढली. "ह्येचा पीळ उलटा हाय, वैनी. कुनी इचारत न्हाई ह्येला." चौपदरी, दोरीसारखं ताठ नाही की वातीसारखं ढिलंही नाही, घाम टिपेल असं. तिनं उजव्या हातानं बोटावर वेढे घेतले. पीळ आवळला. आणि तिला हसू आलं, कारण हेच सूत विजयमालेच्या हातात उलगडणार होतं, टाक्याटाक्याला... सासूच्या देखत तिला दोन ओळी विणायला लावायच्या, अगदी गोड बोलून. त्या दोन ओळींवर उठलेली लव मनुबाईला आत्ताच दिसत होती.

"किती देऊ?" लियाकतनं विचारलं. "मानूस अंगानं कसा हाय?"

सोपा प्रश्न. तिनं डोळ्यांपुढं कृष्णात आणला — चार वर्षांपूर्वी स्टेशनवर उभा, खाकी कापड, बटणं... त्या कापडाच्या आत काही भरेना. छाती केवढी, खांदे केवढे? पुन्हा आणला, तर मधेच जावेचा तो डावा हात आला, सूत घेताना मनगट वळवणारा, करंगळीच्या नखावरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट. तो मात्र तिला रेषेरेषेनं आठवत होता. विजयमालेनं त्याच्या बनियनाचे टाके कधीच घातले होते, भाऊ भाऊ अंगानं सारखे म्हणून नाथाजीच्या, आपल्या नवऱ्याच्या सदऱ्यावरून माप घेऊन. त्याचं माप तिला ठाऊक होतं.

"जावंला इचारून सांगते," मनुबाईच्या तोंडून गेलं, आणि दुसरंच कुणी बोलल्यासारखं ती ते ऐकत राहिली.