कोपरारक्षक

"काका, टू टाइट," क्षितिज म्हणाला, तेव्हा कुठे शशीच्या लक्षात आलं, की आपण त्याच्या मनगटाला दोनाऐवजी पाच वेढे घातले आहेत.

"सॉरी हं." त्यानं पट्टी सोडवायला घेतली. तिचं टोक सापडेना. एडिनबराच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं लोकांचे स्कॅन काढणाऱ्या माणसानं एका पट्टीशी असं झगडणं बरं नव्हे, पण मंगळवारपासून त्याचं हे असंच चाललं होतं आणि आज शनिवार होता.

"तुम्ही का नर्व्हस आहे?" क्षितिज हसला. "ट्रायल माझा आहे, काका!"

लंडनच्या पूर्वेला, इल्फर्डच्या थोडं पुढे, कौन्सिलच्या मैदानावर, युरोपातला एक व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा संघ दोन कोपरारक्षक शोधायला आला होता. दोन जागांसाठी साठ पोरं. हा हेल्मेट घालून खेळायचा, लांबट चेंडूचा खेळ इथल्या विद्यापीठांत रविवारी हौसेनं खेळतात. त्यात कोपरारक्षकाचं काम सांगायला सोपं. समोरचा गडी अंगावर धावत येतो, त्याच्याकडे तोंड ठेवून आपण उलटं पळत राहायचं, आणि त्यानं चेंडू झेललाच तर त्याला तिथल्या तिथे आडवा करायचा. सकाळी पळण्याची परीक्षा होती, दुपारी आडवं करण्याची. शशीला दुपारची भीती वाटत होती.

गंमत म्हणजे हा खेळ तो जन्मात कधी खेळला नव्हता. तो सांगलीचा कबड्डीपटू. सहा वर्षांपूर्वी ड्यूटी संपवून घरी जाताना विद्यापीठाच्या मैदानावर पोरं उलटी पळता पळता एकमेकांवर आपटताना दिसली आणि त्याला ते बघवेना. "डोळे काय बघताय त्याचे? कंबर बघा, कंबर!" असं तो कुंपणाबाहेरून ओरडला. पोरांना प्रशिक्षक नव्हताच. फुकट मिळतोय म्हटल्यावर त्यांनी त्याला धरून आत नेलं. शशीनं त्यांना कबड्डीतला कोपरा शिकवला. पाय हलके, नजर चढाईवाल्याच्या कमरेवर, आणि संधी दिसली रे दिसली की खाली झेपावून घोटा धरायचा. घोटा हाती आला की कसलाही गडी पडतो. पडलेही. क्षितिज विद्यापीठात शिकायला आल्यापासून तर तीन वर्षं समोरच्या विद्यापीठांचे गडी पटापट पडत राहिले, आणि क्लबच्या खोलीत शशीचा फोटो लागला. माणूसच तो, फुगला.

मंगळवारी रग्बी खेळणारा वीस वर्षांचा एक पोरगा स्ट्रेचरवरून स्कॅनला आला. त्यानं मान खाली घालून कुणाच्या तरी पायांवर झेप घेतली होती आणि त्या कुणाचा तरी गुडघा त्याच्या टाळूवर बसला होता. शशीनं मानेचा स्कॅन काढला. पडद्यावर पाचवा मणका फुटून आत मज्जारज्जूवर रुतलेला दिसला.

"माझे हात छातीवर आहेत का?" त्या पोरानं विचारलं.

हात छातीवरच होते. शशीनं तसं सांगितलं, आणि त्याच वेळी त्याला त्या जागी क्षितिज दिसला. मान खाली, घोट्याकडे झेपावलेला. कबड्डीतला चढाईवाला चार पावलांच्या जागेत नाचत असतो. इथला वीस यार्डांवरून सुसाट येतो, गुडघे उचलत. विद्यापीठाची ढिली पोरं होती तोवर खपून गेलं. उद्या शंभर किलोचा पगारी गडी आला, तर त्याच्या गुडघ्याखाली डोकं घालायचं आपण या पोराला शिकवलंय. शिट्ट्या वाजवून, शाबासक्या देऊन. एवढी साधी गोष्ट सहा वर्षांत आपल्या डोक्यात आली नाही, याची त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

बुधवारी त्यानं फोन केला. क्षितिज पहिलं वाक्य बोलला ते "काका, मी नवीन बूट घेतली!" आणि पुढची पंधरा मिनिटं तो बुटांबद्दल बोलला. शशीनं ऑल द बेस्ट म्हणून फोन ठेवला. आज पहाटेच्या गाडीत साडेचार तास त्यानं मनातल्या मनात वाक्यं जुळवली. ती सगळी लंडनला उतरेपर्यंत संपली होती.

सकाळी क्षितिजनं मैदान मारलं. साठ पोरांत त्याच्याइतकं हलकं उलटं कुणी पळत नव्हतं. संघाचा बचावाचा प्रशिक्षक मार्टिन, लीड्सकडचा आडदांड माणूस, वहीत काहीतरी लिहून मैदानाभोवतीच्या दोरीपाशी आला. "हे पाय याला कुणी दिले?"

"मी," शशी म्हणाला.

"सुंदर पाय आहेत," मार्टिन म्हणाला आणि गेला. एरवी शशीनं हे वाक्य वर्षभर पुरवून वापरलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत क्षितिजची आई अनुराधा स्टॅनमोरहून गाडी घेऊन आली. येताना धपाटे, दही आणि लसणाची चटणी. डिकी उघडून तिनं तिथंच पानं मांडली. ती भूलतज्ज्ञ, तिकडच्याच एका हॉस्पिटलात.

"घ्या हो शशीदादा, तुम्ही काहीच खात नाहीये."

"सकाळी हेवी ब्रेकफास्ट झाला," शशीनं ठोकून दिलं.

"खरं सांगू? मी याला कध्धी यस म्हटलं नसतं," ती म्हणाली. "ऑपरेशन थिएटरमध्ये रोज काय काय बघते मी. पण म्हटलं, तिथं शशीदादा आहेत. हॉस्पिटलमधला माणूस. ते काही वेडंवाकडं शिकवणार नाहीत."

शशीच्या हातातला तुकडा हातातच राहिला. आत्ता सांगावं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात तिनं त्याच्या पानात आणखी दही वाढलं आणि त्याची हिंमत गेली.

मग तो क्षितिजला बाजूला, कार पार्कच्या भिंतीमागे घेऊन गेला.

"दुपारी घोटा धरायचा नाही."

"व्हॉट?"

"मान वर. छाती समोर. डोकं त्याच्या बाजूला काढायचं, खांदा लावायचा, दोन्ही हातांनी मिठी मारायची. चल, मी येतो तुझ्या अंगावर."

"काका, ट्रायल अर्ध्या तासात आहे! तुम्ही मला तो घोटाच शिकवला. थ्री इयर्स!"

"चुकीचं शिकवलं."

क्षितिज त्याच्याकडे बघत राहिला. पोरगा गुणी, बाह्या सरसावून उभा राहिला. चोपन्न वर्षांचा शशी कारच्या रांगांमधून दहा वेळा त्याच्या अंगावर धावून गेला. सुरुवातीला सावकाश गेला, तेव्हा क्षितिजनं मान वर ठेवून त्याला नीट मिठीत घेतलं. मग तो जोरात गेला. जोरात गेलं की क्षितिजची मान आपोआप खाली जाई आणि हात घोट्याकडे. तीन वर्षं रोज घोटवलेलं अंगात मुरलं होतं, अर्ध्या तासात कुठून निघणार.

"मी रिमेंबर करीन, काका. डोन्ट वरी," क्षितिज म्हणाला.

दुपारी आधी गादीच्या पुतळ्यावर एकेकाला झेप घ्यायला लावली. क्षितिज आला, मान वर ठेवून तीन पावलं धावला, आणि शेवटच्या पावलाला सुळ्ळकन खाली गेला. पुतळा मुळापासून उखडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मार्टिननं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो वही काखेत मारून बघत राहिला.

मग खऱ्या माणसांची पाळी. संघाचे दोन पगारी गडी पलीकडे उभे होते. त्यातल्या थोराडानं पहिल्या तीन पोरांना असं उडवलं, की एकाला उठायला हात द्यावा लागला. क्षितिजची पाळी पाचवी होती. चौथा पोरगा उठून बाजूला झाला. क्षितिजनं हेल्मेटचा पट्टा लावला.

प्रशिक्षकांनी आणि पालकांनी दोरीच्या आत यायचं नाही, असं सकाळीच दोनदा बजावलं होतं. शशी दोरीखालून आत शिरला. "स्टॉप!" तो ओरडला. आवाज इतका चिरका निघाला, की थोराड गडी धावता धावता थांबला. सगळं मैदान वळून बघायला लागलं.

मार्टिन तरातरा आला. "काय चाललंय?"

"याला यात घेऊ नका. तो तयार नाही." शशीला धाप लागली होती. "त्याचा दोष नाही. मी त्याला चुकीचं शिकवलंय. डोकं खाली घालायला शिकवलंय. तुम्ही बघितलंत मघाशी."

"बघितलं," मार्टिन म्हणाला. मग त्यानं आवाज खाली आणला. "निम्मी पोरं अशीच येतात. विद्यापीठांना रविवारची मॅच जिंकायची असते. पुढच्या मॅचेसचं कुणाला पडलंय? पण स्वतः येऊन सांगणारा तू पहिलाच." त्यानं वहीतल्या एक्केचाळिसाव्या नावावर रेघ मारली. "नंबर फॉर्टीवन, बाहेर ये, सन."

क्षितिज जागचा हलला नाही. "आय कॅन डू इट," तो मार्टिनला म्हणाला. मग शशीला, "काका, सांगा ना त्यांना. प्लीज. मी मान वर ठेवतो. प्लीज, काका."

शशीनं नकारार्थी मान हलवली.

पुढच्या वर्षी परत ये, असं मार्टिन म्हणाला खरा. पण वयाची अट बावीसपर्यंतच होती आणि क्षितिज एप्रिलमध्ये तेवीसचा होणार होता. हे तिघांनाही ठाऊक होतं.

गाडीपाशी अनुराधा डबे भरत होती. तिला लांबून काही कळलं नव्हतं. शशीनं तिला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. कबड्डी, घोटा, तो रग्बीवाला पोरगा, पाचवा मणका. भूलतज्ज्ञ बाईला पाचवा मणका समजावून सांगावा लागला नाही. तिच्या हातातलं झाकण डब्यावर बसेना.

"कधी कळलं तुम्हाला हे?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे, शशीदादा," ती म्हणाली.

माफ करा म्हणायचं त्याच्या मनात होतं, पण तो शब्द फार लहान वाटला. चार दिवस आपण या बाईच्या एकुलत्या एका पोराचा जीव स्वतःच्या फोटोपेक्षा हलका धरला, हे त्याला आता लख्ख दिसत होतं.

क्षितिज पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. अनुराधा दार उघडून वाकली आणि तिनं त्याच्या मानेमागे हात ठेवला. बोटांनी एकेक मणका चाचपत ती खाली आली. तिला रडू येत होतं. क्षितिजनं तिचा हात बाजूला केला.

शशी काचेपाशी गेला. "क्षितिज," तो म्हणाला.

क्षितिजनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं झटक्यात मान दुसरीकडे वळवली. मान खांद्यापर्यंत सहज फिरली, कुठे अडली नाही, कुठे दुखली नाही. गाडी रस्त्याला लागेपर्यंत शशी ती पाठमोरी मान बघत उभा राहिला.