दार आतून उघडतं

सासऱ्यांच्या मासळीच्या दुकानातली थंड खोली तपासायला मेकॅनिक म्हणून खुद्द जावईच आला, तेव्हा तपासणीच्या कागदावर सही घरबसल्या मिळाली, असं सासऱ्यांनी गृहीतच धरलं.

“मामा, दार आतून उघडतं ना?”

“लोण्यासारखं! माझ्या शब्दावर विश्वास नाही?”

“आहे की. म्हणून तर तुम्हालाच आत पाठवतो. मी बाहेर उभा आहे.”

मिशीला पीळ देत सासरे आत गेले. दार लागलं. दार उघडायचा आतला दांडा बर्फानं असा धरला होता की तसूभर हलेना. हाक मारावी तर नाक कापलं जाणार, न मारावी तर नाक गोठणार.

“मामा, उघडतंय का?”

“उघडतंय की! जरा मासे बघतोय!”

“बरं. मग सही करून निघतो मी.”

त्याबरोबर दारावर असे दणके बसले की बाहेरचा तराजू हलला. जावयानं दार उघडलं.

मिशीवरचा बर्फ झटकत सासरे गंभीरपणे म्हणाले, “दांडा ठीक आहे. ठोठावलेलं बाहेर ऐकू येतं का, ते तपासत होतो. येतं.”

जावयानं नवा दांडा बसवला. “आता हाही आतून तपासायला हवा.”

“हवाच!” सासऱ्यांनी अदबीनं दार उघडून धरलं. “या जावईबापू, पहिला मान तुमचा.”