टिबी हिला, तिच्याच हाती

शीनाने पातळ पातं पाकिटावरच्या लाखेच्या कडेखाली सरकवलं आणि श्वास रोखला.

"मोडलं का?" टेबलापलीकडून मिसेस बेथून यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग एवढी गप्प का? माझा दातांचा डॉक्टर असाच गप्प होतो, आणि मग दात हातात ठेवतो."

शीनाला हसू आलं, पण तिने मनगट हलू दिलं नाही. लाख जुनी होती, काचेसारखी ठिसूळ. पातं किंचित कोमट करून ती कडेकडेने आत जात होती. खिडकीबाहेर समुद्रावरून धुकं चढून आलं होतं. समोरच्या प्रार्थनाघराचा मनोरा मघाशीच दिसेनासा झाला होता आणि आता अंगणातला दिवाही विरत चालला होता.

काचेच्या दारावर टकटक झाली. गॉर्डन, विद्यापीठाच्या या अभिलेखागाराचा प्रमुख, डोकं आत घालून म्हणाला, "मिसेस बेथून, मी नुसता कोपऱ्यात उभा राहिलो तर? तोंडातून शब्द काढणार नाही."

"दानपत्र वाचलंस ना? पाकिटं माझ्यासमोर उघडायची, आधी मला वाचून दाखवायची, आणि खोलीत ही एकटीच. पुढे जन्मभर तुमचीच आहेत की. जा, चहा घे."

"चहा नको, पण..."

"मग नको घेऊस. दार लाव, गारठा येतोय."

दार लागलं. म्हातारी पुटपुटली, "टाय बघितलास त्याचा? मला आता माणसांची तोंडं दिसत नाहीत, पण तो टाय दिसतो. देवाचीही थट्टाच." तिने डोळे चोळले. उजवा डोळा केव्हाच गेला होता. डाव्याच्या मधोमध करडा डाग पडला होता आणि तो पसरत चालला होता. कडेकडेचं तेवढं धूसर दिसे. वाचणं दोन हिवाळ्यांपूर्वीच सुटलं होतं.

लाख सुटली, अख्खीच्या अख्खी. शीनाने ती कापसावर ठेवली आणि सावकाश श्वास सोडला.

मिसेस बेथून म्हणजे ग्रिझेल टेनंट यांची पणती. ग्रिझेलबाईंच्या जाड जाड कादंबऱ्या वरच्या मजल्यावर भिंतभर होत्या, पण माणसं लांबून यायची ती त्यांची पत्रं बघायला. नवरा कॅप्टन, चीनच्या वाटेवर चहाची जहाजं नेणारा, दोन-दोन वर्षं घरी न येणारा. त्याला बाई दर आठवड्याला लिहीत, आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी लेकीच्या दोन ओळी असत. टिबीच्या हातात टाक द्यायचा, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची आणि गिरवायचं. अक्षरं वेडीवाकडी, एक आईकडे ओढलेलं, एक लेकीकडे.

टिबी पाच वर्षांची असताना, ऐन हिवाळ्यात, लाल पुरळाच्या तापाने गेली. बाईंनी कॅप्टनला ते कळवलं नाही, आणि ओळीही थांबल्या नाहीत. वर्षभर, त्याहूनही अधिक, त्या तशाच येत राहिल्या, तशाच वाकड्या.

ती पत्रं शीनानेच दुरुस्त केली होती. त्या काळची शाई लोखंडाची. वर्षानुवर्षं ती कागद खात जाते, जिथे टाक जोरात टेकला असेल तिथे आरपार. एकेका भोकाला पाठीमागून जपानी कागदाचं पातळ ठिगळ लावताना अक्षरं वाचली जायचीच. 'बाबा, मी आता जिना एकटी उतरते.' 'बाबा, माझा खालचा दात पडला.' मातीत गेलेली पोर पत्रांत वाढत होती. त्या आठवड्यांत शीनाने आपली खुर्ची फिरवून पाठ भिंतीला लावून घेतली होती. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर झोपलेल्या लेकाच्या, रोरीच्या नाकाशी बोट धरून ती श्वास बघायची आणि नवरा म्हणायचा, "झोपू दे की त्याला. जिवंत आहे."

कॅप्टनही लेकीला उत्तरं द्यायचा. बायकोच्या पत्राच्या पोटात एक छोटी घडी, जाड निळ्या कागदात गुंडाळलेली, लाख लावून बंद केलेली, वर लिहिलेलं, 'टिबी हिला, तिच्याच हाती'. टिबी होती तोवरची पाकिटं तिनेच टराटरा फाडली होती. नंतर आलेली ग्रिझेलबाईंनी उघडली नाहीत. पुढेही कुणी नाही. निळा कागद इतका जाड होता की खालून उजेड टाकूनही आतलं काही कळत नव्हतं.

"लहानपणी मी ती कानाला लावून बघायचे," मिसेस बेथून म्हणाल्या. "वाटायचं, समुद्र ऐकू येईल. आई म्हणायची, ठेव खाली, ती त्या दगडाची आहेत."

"दगड?"

"आमच्याकडे त्याला दगडच म्हणत. तो परत आला ना, तेव्हा टोपी खुंटीला लावली, हात धुतले, जेवायला बसला. टिबी कुठे आहे, हे विचारलंसुद्धा नाही. त्या रात्री नाही, पुढे कधीच नाही. माझे आजोबा त्यानंतरचे. त्यांना बापाने कधी मांडीवर घेतलं नाही, आणि त्यांनी माझ्या बाबांना. असं चालत आलं." तिने तोंडातली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात ढकलली. इथे खाणं मनाई होतं, शीनाने बघून न बघितल्यासारखं केलं. "मी त्याचंच रक्त आहे, पोरी. मला जाण्याआधी एवढंच ऐकायचंय, लेकीशी तरी तो कसा बोलायचा. दगडच असेल तर तसं. वाच."

शीनाने निळा कागद उलगडला. आतल्या कागदावर शाई तपकिरी पडली होती, दोन-तीन अक्षरांच्या जागी भोकं होती. तिने घसा साफ केला.

"'माझ्या पिटुकल्या, इथे एका खलाशाने पोपट पाळलाय. तो फक्त शिव्या देतो, म्हणून त्याचं नाव सांगत नाही. खाली चित्र काढलंय. तुझं अक्षर सुधारलंय, पण जी हे अक्षर काढताना शेपटी फार लांब नेतेस, एखाद्याचा पाय अडकेल. आई रडत असली तर तिच्या मांडीवर जाऊन बस, काही बोलू नकोस. तेवढं पुरतं.'"

"चित्र आहे?"

"आहे. पोपट कोंबडीसारखा दिसतोय."

मिसेस बेथून मोठ्याने हसल्या. हसता हसता ठसका लागला, रुमाल निघाला, आणि तो बराच वेळ डोळ्यांवरच राहिला. "कोंबडीसारखा," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांनाही पक्षी काढता यायचे नाहीत. पुढचं घे."

पुढच्या पाकिटाची लाख सहज निघाली. निळा कागद बाजूला करून शीनाने आतली घडी उलगडली, मग उलटी केली, मग पुन्हा सुलटी.

कागद कोरा होता.

शाईच नव्हती, त्यामुळे कुठे भोक नव्हतं, कड तपकिरी झाली नव्हती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतका निरोगी कागद तिने पाहिला नव्हता. घड्या नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून घातलेल्या. तिने खालची उरलेली पाकिटं एकेक करून तळहातावर तोलली. सगळी सारखीच हलकी. पत्ता मात्र सगळ्यांवर तोच, ठसठशीत. 'तिच्याच हाती.'

म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी बंदरात, त्याला टिबी गेल्याचं सांगितलं होतं. आणि तरीही तो घडी घालत राहिला, लाख वितळवत राहिला. त्या घरात ही पाकिटं आता कोणी उघडणार नाही, हे त्याला कळलं होतं. शीनाने पाठीमागे पाहिलं. मागे भिंतच होती.

"काय गं? का थांबलीस?"

खरं ते सांगणं सोपं होतं. संध्याकाळी नोंदीत 'कोरा' असंच लिहावं लागणार होतं, गॉर्डन फोटो काढणार होता, कुणी ना कुणी पुढेमागे या बाईला ते सांगणारही होतं. पण आत्ता त्या म्हातारीच्या तोंडावर पोपटाचं हसू अजून होतं. कोरा म्हटलं की ती काय ऐकेल? दगड, हेच ना. बायकोचा खेळ मोडू नये म्हणून त्याने हे केलं, असं शीनाला वाटत होतं, पण ते तिला पटवून देता येईल का? शीनाने आयुष्यात कधी कागदावर नसलेला शब्द वाचला नव्हता. तिचं कामच ते होतं.

"अक्षर जरा बारीक आहे," ती म्हणाली.

"सावकाश वाच मग. मला कुठे बस पकडायचीय."

"'माझ्या पिटुकल्या...'" शीना थांबली. पुढचं काही सुचेना. मग डोळ्यांसमोर रोरी आला, सकाळी कपाळ तापलेला, तसाच पाळणाघरात सोडून आलेला. "'तू अजून एक पाय पांघरुणाबाहेर टाकून झोपतेस का? मी रात्री उठून तो आत घ्यायचो. तू झोपेतच पुन्हा बाहेर काढायचीस, मी पुन्हा आत घ्यायचो. तुला काही ठाऊक नसायचं. इथेही रात्री मला जाग येते, आणि हात आपोआप पुढे जातो.'" तिने कागद किंचित उजेडाकडे धरला. "'थंडी फार पडली असेल. पाय आत घे, बाळा. तुझा बाबा.'"

म्हातारीचा हात टेबलावरून पुढे आला.

"दे इकडे," मिसेस बेथून म्हणाल्या.

"कागद नाजूक आहे, मी धरते—"

"दे."

शीनाने कागद तिच्या हाताखाली सरकवला. म्हातारीने अंगठा वरच्या कडेला टेकवला आणि हळूहळू खाली आणला, मग पुन्हा वर नेऊन दुसऱ्या बाजूने खाली. टाकाच्या निबाने कागदावर चर पडतात, डोळे मिटूनही ते बोटाला लागतात. अंगठा कुठेच अडखळला नाही. शीनाने मान खाली घातली. आता जे येईल ते ऐकून घ्यायचं, एवढंच तिने ठरवलं.

दार किलकिलं झालं. "झालं का?" गॉर्डनने विचारलं. "नुसती एक नजर टाकू का?"

मिसेस बेथूननी तो कागद पालथा केला आणि त्यावर आपला पंजा पसरून ठेवला.

"वाचतेय ती. मधे मधे येऊ नकोस."

दार लागलं. पंजा उचलला गेला नाही. गोळी विरघळून संपली असावी, म्हातारीचा जबडा स्थिर होता. मग ती म्हणाली, "आणि आम्ही जन्मभर त्याला दगड म्हणत आलो."

शीनाने मान वर केली.

"घे पोरी, पुढचं घे," मिसेस बेथून म्हणाल्या आणि मोकळ्या हाताने चाचपत पाकिटांची चळत तिच्याकडे ढकलली. "असंच वाच. हळू."