उघड बहुमत

"पाय हलवू नका बाबा, कात्री लागेल."

"माझा पाय आहे. हलवीन नाहीतर ठेवीन," माइनराड म्हणाला, आणि पाय तसाच ठेवला.

ओटिली जमिनीवर बसून वडिलांची नखं कापत होती. ती आल्टबोडन गावची आणि वरच्या वस्त्यांची घरोघर फिरणारी नर्स, त्यामुळे असल्या कामाचं तिला काही वाटत नसे. गेली दोन वर्षं ती गावची अध्यक्षही होती. ते कसं झालं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला तर चांगलंच.

आल्टबोडनमध्ये जुना कायदा असा, की ग्रामसभेने ज्याला निवडलं त्याने पद घ्यायचं. नको म्हणायची सोय नाही. पासष्टी उलटलेल्यांना सूट. बाकीच्यांनी एकतर गाव सोडावं नाहीतर मुकाट्याने चार वर्षं काढावीत. मानधन म्हणाल तर जोडे झिजतात तेवढ्याचं. त्यामुळे निवडणुकीच्या सभेला जावं की न जावं यावर घराघरांत खल चाले. गेलं तर नजरेत भरतो, नाही गेलं तर पाठीमागे नाव घेतात. बरेच जण न जाण्याची चूक करत. समोर उभं राहून गयावया करणाऱ्याची माणसांना दया तरी येते, गैरहजर माणसाची कुणाला येणार?

दोन वर्षांपूर्वी निवडणुकीच्या संध्याकाळी ओटिली एका मरायला टेकलेल्या बाईच्या उशाशी बसली होती. सभेत अध्यक्षपदासाठी कुणाचंच नाव पुढे येईना. तेव्हा माइनराड उठला. तो स्वतः अठरा वर्षं अध्यक्ष होता, दरीवरचा रस्ता त्याच्याच काळात झालेला. "माझी मुलगी," एवढंच तो म्हणाला, आणि टाळ्या अशा पडल्या की जणू प्रत्येकाच्या डोक्यावरून दरड घसरून बाजूला पडली. त्या बाईचे डोळे मिटवून ओटिली घरी आली, तोवर घोंगडं तिच्या गळ्यात पडलेलं होतं.

तिने त्याला माफ केलं नव्हतं. गोळ्या वेळेवर देत होती, सूप गरम वाढत होती, पण माफ केलं नव्हतं.

दिवसभर पेशंट आणि संध्याकाळी बर्फ काढायचं मशीन, तुंबलेली गटारं आणि कँटनची, म्हणजे प्रांत सरकारची, पत्रं. गावसमितीच्या पाच जागांपैकी तीन आता रिकाम्या होत्या. एक जण लुत्सर्नला राहायला गेला, एकाच्या छातीत दुखायला लागलं, आणि तिसरा ज्या दिवशी पासष्टचा झाला त्याच दिवशी राजीनामा देऊन गेला. वाढदिवसाचा केकसुद्धा दुसऱ्या दिवशी कापला म्हणे. कँटनवाले कधीपासून सांगत होते, लहान गावांनी एकत्र या, खालच्या उंटरमाटमध्ये विलीन व्हा. ओटिलीने यंदा तसा ठराव मांडला होता. आज संध्याकाळी त्यावर मतदान.

"माझा काळा कोट काढून ठेव," माइनराड म्हणाला.

"तो अंत्यविधीचा आहे."

"मग आज काय आहे?"

ओटिलीने कात्री खाली ठेवली. "बाबा, मी थकलेय. इतकी साधी गोष्ट तुम्हाला का कळत नाही?"

"मी काय थकलो नव्हतो? अठरा वर्षं काढली."

"तुम्ही घरी आलात की आईने जेवण गरम करून ठेवलेलं असायचं. मी घरी येते तेव्हा घरात कोण असतं? तुम्ही."

माइनराड दुसरा पाय पुढे करत म्हणाला, "गिरणीवाला बाल्त्स माझ्या बाजूने आहे. खाणावळीतलं अख्खं टेबल माझ्या बाजूने आहे."

"टेबल असेल," ओटिली म्हणाली. "माणसं बघू."

*

सभा जुन्या शाळेच्या हॉलमध्ये होती. शाळा बंद पडून सहा वर्षं झाली होती, आता मुलं बसने खाली उंटरमाटला जात. हॉल इतका भरला होता की मागच्यांना खिडकीच्या कठड्यावर बसावं लागलं. एरवी सभेला पंचवीस डोकी जमली तर पुष्कळ. आज अख्खं गाव लोटलं होतं, आणि त्याचं कारण गावावरचं प्रेम होतं असं कुणी समजू नये. ठराव फेटाळला गेला तर तिन्ही रिकाम्या जागा लगेच, याच सभेत भरायच्या होत्या. जागा आणखी रिकाम्या ठेवायला कँटनची परवानगी नव्हती. ओटिलीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. घरी राहण्याची चूक यावेळी कुणी करणार नव्हतं.

कँटनचा एक तरुण अधिकारी पडद्यावर आकडे दाखवून गेला. लोकांनी माना डोलावल्या, ऐकलं कुणीच नाही. मग लाकूड-गिरणीचा मालक बाल्त्स बोलायला उभा राहिला.

"उंटरमाटवाल्यांना आपल्याकडे बर्फ कुठून कोसळतो ते तरी माहीत आहे का? ते लोकरीची टोपी घालतात ती फोटो काढायला!" हॉल हसला. बाल्त्सला जोर चढला. "माझा आजा आल्टबोडनचा, पणजा आल्टबोडनचा. मी मरेन, पण उंटरमाटचा म्हणून मरणार नाही."

टाळ्या पडल्या. माइनराडने पहिल्या रांगेतून मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"छान बोललास बाल्त्स," ओटिली व्यासपीठावरून म्हणाली. "मग एक जागा तू घेतोस?"

"मी? मला गिरणी आहे."

"मला तेवीस पेशंट आहेत."

"तसं नव्हे गं. मी आपलं तत्त्वाचं बोलत होतो." बाल्त्स खाली बसला. पुन्हा थोडं हसू झालं, पण आता लोक एकमेकांकडे बघत नव्हते.

मग माइनराड उठला. आपल्याच खुर्चीची पाठ धरून, लोकांकडे तोंड करून तो उभा राहिला. उजवा गुडघा त्याला साथ देत नाही हे ओटिलीला माहीत होतं, आणि इतक्या लोकांसमोर तो आधार देऊ देणार नाही हेही माहीत होतं.

"मी भाषण करत नाही," तो म्हणाला. "तीन जागा आहेत. एक मी घेतो. मला वयाची सूट आहे, ती मला नको. आता आणखी दोघं हवेत."

तो तसाच उभा राहिला.

समोर बसलेल्यांपैकी कुणाचा रस्ता त्याने केलेला, कुणाच्या गोठ्यापर्यंत पाणी त्याने नेलेलं. तो एकेका तोंडाकडे बघत गेला, आणि ज्याच्याकडे बघे त्याला एकदम काहीतरी आठवे, मोजा वर ओढायचा, बायकोच्या कानात सांगायचं.

"फक्त दोघं," माइनराड पुन्हा म्हणाला.

सकाळपासून ओटिलीला त्याचा राग येत होता, आणि आता त्या सगळ्यांचा येत होता. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, हे कळत असून येत होता.

"माइनराड गिस्लर," ती म्हणाली, सभेत म्हणायचं असतं तसं, "आपण बसून घ्यावं."

"बसतो, अध्यक्षबाई," तो म्हणाला आणि बसला.

तिने ठराव मतदानाला टाकला. बाजूने कोण? हात वर आले. आधी चोरटे, मग शेजाऱ्याचा बघून धीट, आणि मग जवळजवळ सगळे. बाल्त्सचा हात खांद्याच्या वर फारसा गेला नाही, पण गेला.

"विरोधात?"

माइनराडचा हात वर आला. मागच्या बाजूला म्हाताऱ्या कास्परने अर्धा हात उचलला. त्याला वयाची सूट होती, पण त्याच्या मुलाला नव्हती, आणि मुलगा शेजारीच बसला होता. मुलाने बाही ओढली, तसा कास्परचा हात खाली गेला. मग हॉलमध्ये एकच हात उरला.

मतं मोजायला यावेळी रोपवे चालवणारा आल्बिन होता. तो जागेवरूनच म्हणाला, "उघड बहुमत."

अशी पद्धतच होती. निकाल डोळ्यांना दिसत असला की मोजत बसायचं नाही. 'उघड बहुमताने मंजूर' एवढं इतिवृत्तात जातं, विरोधात कुणी होतं की नव्हतं हे पुढे कुणाला कळतही नाही. ओटिलीने स्वतः असे कितीतरी ठराव नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर संपवले होते. आताही तिने मान हलवायची, की झालं. नवं वर्ष लागलं की विलीनीकरण होऊन ती मोकळी होणार होती. तिला मोकळं व्हायचं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. समोरचा तो हात मात्र तिला आणखी दोन वर्षं या खुर्चीला जखडून ठेवायला वर झाला होता. पोटच्या पोरीचीसुद्धा त्याने गय केली नव्हती.

"मोजा," ती म्हणाली.

आल्बिनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय मोजायचं, ओटिली? दिसतंय की."

"मलाही दिसतंय. विरोधातली मतं आधी मोजा. प्रत्येक रांगेत जाऊन."

"एवढ्यासाठी?" मागून कुणीतरी पुटपुटलं. "उशीर होतोय."

"होऊ दे," ओटिली म्हणाली.

आल्बिनने खांदे उडवले, पण उठला. पहिल्या रांगेच्या डाव्या टोकापासून त्याने सुरुवात केली. हॉलमध्ये फक्त त्याच्या बुटांचा आवाज. बाल्त्स वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. माइनराडने दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला आणि हात वरच ठेवला. आल्बिनने जरा भरभर चालावं असं ओटिलीला वाटत होतं, पण ती बोलली नाही.

आल्बिन माइनराडसमोर येऊन थांबला. इतका वेळ त्याच्या तोंडावर असलेलं हसू गेलं होतं.

"एक," तो मोठ्याने म्हणाला, आणि पुढच्या रांगेकडे वळला.

तिथे हात नव्हता. त्याच्या पुढच्या रांगेतही नव्हता. तरी तो प्रत्येक रांग बघत, खिडकीच्या कठड्यावरच्या माणसांपर्यंत गेला. माइनराडने हात खाली घेतला नव्हता. मोजणी पुरी होईपर्यंत हात वर ठेवायचा असतो, रीत तशीच आहे. मागचे लोक आता त्याच्या काळ्या कोटाच्या पाठीकडे आणि त्या हाताकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघायला काही नव्हतं.

दारापाशी पोचून आल्बिन वळला. "एक," तो पुन्हा म्हणाला.

"विरोधात एक," ओटिलीने माइकवर जाहीर केलं. लिहून घेणाऱ्या कारकुनाचं लिहून होईपर्यंत ती थांबली. मग त्याच माइकवर, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "हात खाली घ्या आता, बाबा."