मधली भिंत

सलिलने मोजपट्टीचं टोक भिंतीच्या कोपऱ्याशी दाबून धरलं आणि तो उन्हाची वाट पाहत राहिला. मानपाड्याच्या या तिसऱ्या मजल्यावर ऊन घाईने येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या टाकीला लागे, मग बाल्कनीत वाळणाऱ्या पंच्यावर उतरे, फरशीवरून हळूहळू सरकत येई आणि शेवटी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीवर चढे. त्या तिरप्या उजेडात भिंतीचं काही लपत नसे. खिळ्यांची भोकं, रंगाचे पोपडे, आणि कमरेच्या उंचीवर बेडरूमच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गेलेला एक तेलकट, काळसर पट्टा.

तीन वर्षांपूर्वी तर रंग दिला होता. माणसं भिंतीला हात पुसतात आणि त्याला राहणं म्हणतात, असं त्याच्या मनात आलं.

ठाण्याच्या ऑफिसात तो लोकांच्या पुढच्या वीस वर्षांची घरं काढत असे. लोकांना मात्र देवघराला संगमरवर आणि टीव्हीमागे दिवे हवे असत. आपण म्हातारे होणार, हे त्यांच्या गावीही नसे. तो त्यांच्यासमोर मान हलवी आणि मनातल्या मनात त्यांची कीव करी. आता तसलीच माणसं स्वतःच्या घरात निघाली होती. आईबाबांसाठी त्याने या घराचा नवा नकाशा काढला होता. रुंद दारं, उंबरठा नाही, न घसरणारी फरशी. आणि ही भिंत पाडून एकच मोकळी खोली. उद्या चाकाची खुर्ची आली तरी अडणार नाही. बाबांनी नकाशाच्या कागदावरून नुसता तळवा फिरवला होता.

"छान काढलंयस. भिंत तेवढी राहू दे."

"का पण, बाबा?"

"काही नाही रे. सवय आहे."

सवय. गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेलं हसू तेव्हा त्याने बाबांना दिलं होतं. शब्दकोडं पेनाने सोडवणारा हा माणूस हल्ली आईकडून पेपर वाचून घेत असे. लाड, दुसरं काय. चहा बशीत सांडे, धांदरटपणा. सकाळचं फिरणं बंद झालं, आळस. प्रत्येक गोष्टीला सलिलकडे एक शब्द तयार होता.

"ऐक ना त्यांचं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "एवढं मोकळं करून आम्हाला काय क्रिकेट खेळायचंय?"

"आई, तुम्हाला उद्याचं काही कळत नाही."

आईने गॅस बारीक केला.

बेल वाजली. गवंडी चांगदेव घण खांद्यावर घेऊन आत आला. त्याला जागा व्हावी म्हणून सलिलने टीपॉय उचलला आणि भिंतीलगत, बेडरूमच्या दारापासून चार पावलांवर ठेवला.

"साहेब, इथनंच चालू करू ना?"

सलिलने हातानेच त्याला थांबवलं.

बेडरूमचं दार उघडलं होतं. बाबा बाहेर आले. डाव्या हाताची चार बोटं त्यांनी भिंतीला टेकवली, बरोबर त्या पट्ट्यावर, आणि ते चालू लागले. संथ, ताठ, खात्रीने. आता पुन्हा सवयीचं पुराण, असं मनाशी म्हणत सलिल हाताची घडी घालून उभा राहिला.

बाबांची नडगी टीपॉयवर आदळली. ते भिंतीला धरून थांबले. वेदना गिळून त्यांनी बाल्कनीच्या दिशेने विचारलं,

"अगं, हे कोणी ठेवलं इथे? सलिल आंघोळीला गेलाय का? भिंतीचं त्याला मी सांगतो एकदा नीट. तो काही वाईट नाही गं, समजून घेईल."

सलिल त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने सलिलकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. चांगदेवने कोणी न सांगता घण खाली ठेवला.

सलिलने वाकून टीपॉय उचलला. लाकूड तापलं होतं. टीपॉय भर उन्हात होता, आणि बाबांना दिसत नव्हतं.