सभा रविवारवर गेली

पोर्थगारा या बंदरगावातल्या सत्ताधारी पक्षाच्या शाखेत आजवर जी भांडणं झाली ती बहुतेक केकवरून. उन्हाळी जत्रेत चहाचा गाळा कुणी सांभाळायचा, केशर घातलेले गोड बनपाव कुणाचे ठेवायचे, असल्या गोष्टींवरून बायका महिना महिना अबोला धरत. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी डेन्झिल पास्कोनं शाखेपुढे ठराव ठेवला तेव्हा लोकांना आधी खरंच वाटलं नाही. ठराव दोन वाक्यांचा होता. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचं काम पंतप्रधानांनी नीट हाताळलेलं नाही, हे पहिलं. या शाखेचा त्यांच्यावर विश्वास उरलेला नाही, हे दुसरं. खाली निम्म्या बंदराच्या सह्या होत्या.

शाखेची अध्यक्ष होती मेरिन हॉस्किंग. डेन्झिलची थोरली बहीण.

दोघं कोळ्याच्या घरात वाढली. डेन्झिलनं बापाची होडी चालवली, खेकडे पकडले. मेरिन लग्न होऊन टेकडीवरच्या हॉस्किंगांच्या फुलशेतीत गेली, आणि नवरा गेल्यावर डॅफोडिलची ती शेतं एकटीनं सांभाळू लागली. सार्वमतात भाऊ बाहेर पडण्याच्या बाजूनं, बहीण राहण्याच्या. त्या वर्षीच्या नाताळात जेवणाच्या टेबलावर विषय निघाला. तुझी फुलं परदेशी माणसं खुडतात, तुला संघ हवाच असणार, असं डेन्झिल म्हणाला. तुझे खेकडे मग कोण खातं, स्पेनची माणसंच ना, असं मेरिननं सुनावलं. त्यात नवीन काही नव्हतं, पण शब्दानं शब्द वाढला, कुणीतरी बापाचं नाव काढलं, आणि डेन्झिल पुडिंग न खाताच उठून गेला. तेव्हापासून दोघं रस्त्यात भेटली की हवापाण्याचं बोलत आणि आपापल्या वाटेनं जात. नाताळ वेगवेगळे होऊ लागले.

पंतप्रधानबाईंबद्दल मेरिनला माया होती. संसदेनं बाहेर पडण्याचा करार मोठ्या फरकानं फेटाळला त्या रात्री तिनं टीव्हीवर बाईंचा चेहरा पाहिला होता. घसा बसलेला, समोर हसणारी माणसं, मागे बसलेल्या स्वतःच्याच पक्षातलेही अर्धे हसणारे. मेरिन पहिल्यांदा अध्यक्ष झाली तेव्हा असंच हसणारे लोक तिनं या गावातही पाहिले होते. काही झालं तरी आपण या बाईच्या बाजूनं बोलायचं, असं तिनं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

सभा गुरुवारी दुपारी ठरली. तोवर समुद्र इतका खवळलेला होता की पंधरवडाभर एकही होडी बाहेर पडली नव्हती. कोळी धक्क्यावर शिव्या देत बसलेले. मंगळवारी मात्र हवामानाचा अंदाज आला की गुरुवार-शुक्रवार वारा पडेल. त्याच संध्याकाळी शाखेचे सचिव रेक्स ट्रेगेन्झा मेरिनच्या दारात उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ एरवी हसायचा नाही. आज चेहरा खुलला होता.

"मिसेस हॉस्किंग, देव आपल्या बाजूनं आहे," ते म्हणाले. "गुरुवारी सगळे समुद्रावर असतील. सभेत हजर असतील त्यांचीच मतं धरायची. तुमचा भाऊ परत येईपर्यंत ठराव पडलेला असेल."

मेरिनलाही बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलायचं. तिनं त्यांना चहा दिला, वर बनही दिला. रेक्स गेल्यावर भांडी विसळताना ती गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतावर गेली. डॅफोडिल खुडायचं ते कळी मिटलेली असताना. फूल उमललं की त्याला बाजारात कुणी विचारत नाही. दरवर्षी बल्गेरियातून येणारी माणसं यंदा निम्मीच आली होती. संघातून बाहेर पडायची तारीख जवळ आलेली, पुढे काय होणार कुणाला ठाऊक नाही, मग कोण येतो? जे आले होते ते त्यांच्यातल्याच राडकाच्या देखरेखीखाली कंबर मोडेस्तोवर राबत होते, तरी वरचं सगळं शेत पिवळंधमक होऊन गेलं होतं. राडका गेली सात-आठ वर्षं येत होती. ती त्या पिवळ्या शेताकडे पाठ करून काम करत होती.

बांधावर गाडी उभी होती, तिच्यात रेडिओ लागलेला. कराराचं मतदान पंतप्रधानांनी आणखी एकदा पुढे ढकललं तेव्हापासून काय काय झालं, यावर दोन माणसं वाद घालत होती. आपल्याकडे मतं नाहीत हे कळलं की बाई तारीख बदलतात, असं एक जण म्हणाला.

"अगं, घे ना मत एकदाचं," मेरिन रेडिओला म्हणाली. "हरशील तर हरशील. लोकांना तोंड तरी दे."

राडकानं मान वर करून पाहिलं. मेरिन हातातली जुडी धरून तशीच उभी राहिली. कालचा रेक्सचा खुललेला चेहरा तिला आठवला, आणि आपलं गुणगुणणंही. तिचे कान तापले. जुडी टोपलीत ठेवून, हात पुसून ती गाडीत बसली आणि सरळ बंदरावर गेली.

डेन्झिल होडीवर पिंजऱ्यांत आमिष भरत होता. बहिणीला पाहून त्यानं काम थांबवलं नाही.

"या, अध्यक्षीणबाई," तो म्हणाला. "उद्या मी नसताना माझा ठराव कसा पाडणार, ते सांगायला आलात?"

"सभा रविवारी आहे. चॅपलमधली प्रार्थना सुटल्यावर."

त्याचा हात पिंजऱ्यातच थांबला. "रेक्स ऐकेल?"

"अध्यक्ष मी आहे का रेक्स?"

"मेरिन, तू हरशील. आमची माणसं जास्त आहेत."

"मोजता येतात मला. आणि आत्ताच सांगून ठेवते, मी तुझ्या विरुद्ध बोलणार आहे."

"बोल की," डेन्झिल म्हणाला. "तू गप्प कधी होतीस?" पण ते टोचून म्हटलेलं नव्हतं. ती वळून चालू लागल्यावर पाठीमागून पिंजरे आपटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

रेक्सनी फोनवर अर्धा तास घेतला. हातात आलेला विजय फेकून देणं म्हणजे पक्षाशी बेइमानी, असं त्यांचं म्हणणं. सभा पुढे नेण्याचा अधिकार अध्यक्षाला आहे हे नियमात त्यांनीच लिहिलेलं होतं, एवढंच मेरिननं त्यांना आठवून दिलं. त्यांनी फोन ठेवला, आणि रविवारपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

रविवारी सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. कोळी अंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून आले होते, तरी मासळीचा वास काही त्यांना सोडत नव्हता. डेन्झिल आधी बोलला. त्याला भाषण येत नाही. टोपी हातात फिरवत तो म्हणाला की आपला समुद्र आपल्याला परत मिळेल असं सांगितलं होतं, आता आणखी थांबा म्हणतात. थांबायला हरकत नाही, कोळ्याचं आयुष्यच थांबण्यात जातं. पण आमच्या नावानं काय देऊन काय घेतलं हे आम्हाला बातम्यांतून कळतं, हे बरोबर नाही. एवढं बोलून तो खाली बसला.

मेरिननं खुर्ची उपाध्यक्षांना दिली आणि ती इतरांसारखी समोर येऊन उभी राहिली. ज्यांनी हे सगळं सुरू केलं ते बाजूला झाले आणि ओझं या बाईच्या डोक्यावर आलं, असं ती म्हणाली. ती पळाली नाही. रोज उठून शिव्या खायला उभी राहते. तिच्या जागी इथलं कोण टिकलं असतं? तिचं बोलणं चांगलं चाललं होतं, पुढच्या रांगेतल्या बायका माना डोलवत होत्या. तेवढ्यात मागून केन्व्हर नावाचा एक तरणा कोळी उठला. त्यानं अदबीनं विचारलं, "ते सगळं कबूल, मिसेस हॉस्किंग. पण काम नीट झालं का?"

मेरिननं लिहून आणलेला कागद हातात होता. त्यात याचं उत्तर नव्हतं. आपण घरून निघालो तेव्हा हा प्रश्न टाळूनच निघालो होतो, हे तिला कळलं. समोर भाऊ बसला होता आणि जाब विचारणाऱ्या नजरेनं नव्हे, काळजीनं तिच्याकडे पाहत होता.

"नाही," ती म्हणाली. "नीट झालं नाही."



"तिनं दार लावून घेतलं आणि चार माणसांत बसून ठरवलं," मेरिन म्हणाली. "जिंकलेल्यांना विचारलं नाही, हरलेल्यांनाही नाही. मी हरलेल्यांतली आहे, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मला कुणी विचारलं असतं, बाई, तुला यातलं काय सोसवेल, तर मी सांगितलं असतं. डेन्झिलनंही सांगितलं असतं. आणि मी तरी काय केलं? माझ्या भावाला मीसुद्धा तीन वर्षांत विचारलं नाही."

मग ती सावरली. कामाला नावं ठेवणं वेगळं आणि माणसावरचा विश्वास काढून घेणं वेगळं, असं तिचं म्हणणं पडलं. ठरावाची दोन वाक्यं आहेत, त्यावर दोनदा मत घ्यावं. पहिल्याला तिचा पाठिंबा होता, दुसऱ्याला विरोध. डेन्झिलनं क्षणभर विचार केला आणि होकारार्थी मान हलवली.

पहिल्या वाक्याला जवळजवळ सगळ्यांचे हात वर झाले. रेक्स ट्रेगेन्झांचा हात आधी खांद्यापर्यंत आला, तिथं जरा थांबला आणि मग पूर्ण वर गेला. दुसरं वाक्यही मंजूर झालं, पण चारच मतांनी. मेरिन हरली ती हरलीच. अध्यक्षाचं मत सभेनं मानलं नाही, तेव्हा राजीनामा देणं योग्य, असं ती म्हणू लागली.

"खाली बस, मेरिन," डेन्झिल जागेवरूनच म्हणाला. "गुरुवारी सभा घेतली असतीस तर तू जिंकली असतीस. हे इथं सगळ्यांना माहीत आहे. खुर्ची तुझीच." कुणी विरोध केला नाही.

लोक गेल्यावर भाऊबहीण सभागृहाच्या स्वयंपाकघरात कप विसळत उभी राहिली. ती धूत होती, तो पुसत होता. मग डेन्झिल म्हणाला, "परतताना समुद्रावरून तुझं वरचं शेत दिसतं. पिवळंजर्द. लांबून आधी तेच दिसतं, मग गाव. म्हटलं, चला, हिचं तरी छान चाललंय."

मेरिननं नळ बंद केला. "डेन्झिल, पिवळं दिसतं म्हणजे गेलं ते. खुडायला माणसंच नाहीत. निम्मं पीक उभं सडतंय."

तो हातातलं फडकं विसरून तिच्याकडे पाहत राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार होते?"

बुधवारी पुन्हा वादळ आलं आणि होड्या धक्क्याला बांधल्या गेल्या. सकाळी मेरिन शेतावर पोचली तर बांधाशी डेन्झिल, केन्व्हर आणि आणखी तिघं पिवळे मेणकापडाचे रेनकोट घालून उभे होते. दोर ओढून राठ झालेल्या हातांत देठ मोडत होते. राडकानं एकेकाचा हात धरून दाखवलं की बोट कुठं लावायचं आणि कितपत ओढायचं. तुम्ही फुलांचा गळा दाबता, असं ती केन्व्हरला म्हणाली, आणि बाकीचे दिवसभर त्याला त्यावरून छळत राहिले. तासाभरानं सगळ्यांची कंबर धरली. हे काम रोज करता का, असं डेन्झिलनं राडकाला विचारलं, आणि ती हो म्हणाली तेव्हा तो पुन्हा वाकून खुडायला लागला.

दुपारी गाडीच्या आडोशाला बसून सगळ्यांनी मांस-बटाटा भरलेल्या गरम पॅस्टी खाल्ल्या. विषय निघाला तो पंतप्रधानबाईंचाच. त्या राहतात का जातात, यावर डेन्झिल आणि मेरिनची पुन्हा जुंपली. राडका पुढच्या वर्षी येऊ शकेल का, हे मात्र त्या दोघांपैकी कुणालाच सांगता येईना. शेवटी डेन्झिल म्हणाला की यावर आपल्या खासदारालाच विचारलं पाहिजे, समोर बसवून, आणि राडकालाही त्या बैठकीला बोलावलं पाहिजे. मेरिननं तारीख विचारली. समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी, असं तो म्हणाला.

वरचं शेत वाचलं नाही. खालची दोन वाचली. महिनाअखेरची संघ सोडण्याची ठरलेली तारीख आली आणि देश होता तिथंच राहिला. ईस्टरला मेरिन भावाकडे जेवायला गेली. जाताना राडकालाही घेऊन गेली, आणि डेन्झिलच्या बायकोनं टेबलाला आणखी एक फळी जोडली.